दस्त्यावरचा शिक्का: एका माउझर बंदुकीची आणि तिच्या संगिनीची तपासणी

लिलावाच्या कॅटलॉगात नोंद जेमतेम चार ओळींची होती. पायदळाची बंदूक, नमुना १८७१, आंबेर्गच्या सरकारी कारखान्यातली. सोबत पितळी मुठीची संगीन, चामडी म्यानासकट. शेवटची ओळ ठळक अक्षरांत: ‘दोन्हींवर एकाच लष्करी तुकडीचा, एकाच क्रमांकाचा शिक्का.’ अंदाजित किंमत १,६०० युरो.

माइस्टरांनी ते पान माझ्यापुढे सरकवलं. “बघ. इतकं जुळलेलं कधी असतं का?”

माइस्टर आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. उमर सत्तरीच्या पुढे. हयात टूलरूममध्ये गेली. डाय आणि पंच बनवण्यात. माइस्टर हे नाव नव्हे, तो कारागिरीतला हुद्दा. आपल्याकडे मिस्त्री म्हणतात तसा, फक्त परीक्षा देऊन मिळवलेला. जर्मनमध्ये आम्ही दोघं एकमेकांना ‘डू’ म्हणतो, पण मराठीत लिहिताना त्यांना अरे-तुरे करवत नाही. त्यांच्याकडे संग्राहकांना मिळतं ते लाल कार्ड आहे, त्यामुळे त्यांना बंदूक घेता येते. माझ्याकडे नाही, म्हणून मी संगिनींवर समाधान मानतो. संगिनीला इथे जर्मनीत परवाना लागत नाही. फक्त रस्त्याने नेताना ती बंद पेटीत हवी. कायद्याची गंमत अशी की १८७१ पूर्वीच्या नमुन्याची, सुईने बार उडणारी ड्रायझे बंदूक इथे सज्ञान माणसाला कार्डाशिवाय घेता येते. माउझर ७१ ला मात्र धातूचं काडतूस लागतं, म्हणून तिला कार्डही लागतं.

या दोन बंदुकांमधल्या फरकावरच तर सगळं उभं आहे. ड्रायझेच्या बंदुकीत काडतूस कागदाचं. लांब सुई दारूतून आरपार जाऊन गोळीच्या बुडाशी असलेल्या स्फोटकावर आदळायची. ३ जुलै १८६६ ला क्योनिगग्रेट्सच्या लढाईत ऑस्ट्रियन शिपाई उभा राहून तोंडाकडून दारू ठासत होता, आणि प्रशियन (उत्तर जर्मनीतल्या प्रशिया राज्याचा) शिपाई आडवा पडून तेवढ्या वेळात कितीतरी जास्त बार काढत होता. पण चारच वर्षांनी फ्रेंचांची शासपो बंदूक समोर आली आणि पल्ल्यात ड्रायझे उघडी पडली. युद्ध जर्मनांनी जिंकलं, बंदूक मात्र बदलावी लागणार हे त्यांना कळून चुकलं. नेकार नदीकाठच्या ओबर्नडॉर्फचे विल्हेल्म आणि पाउल माउझर हे भाऊ तेव्हा पुढे आले. १८७२ च्या मार्चमध्ये त्यांची ११ मिलिमीटरची, एका वेळी एकच काडतूस घेणारी बोल्टची बंदूक प्रशियाने स्वीकारली. पाच ग्रॅम काळी दारू, पंचवीस ग्रॅमची शिशाची गोळी, वजन साडेचार किलो, लांबी जवळजवळ एक मीटर पस्तीस. रिकामं काडतूस बाहेर फेकायची सोय तिच्यात नाही. बोल्ट मागे ओढला की ते सैल होऊन खोबणीत येतं. मग बंदूक कलती करून ते खाली पाडायचं. पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा मला वाटलं होतं, ही बिघडली आहे.

आता पैशांचा हिशेब. अशी बंदूक, नळी बरी असेल तर, आमच्या भागात साधारण ८०० युरोला मिळते. बरी संगीन २०० ला. म्हणजे हजाराचा माल. वरचे ६०० मागितले जात होते ते लोखंडाचे नव्हते, शिक्क्याचे होते. या छंदात नव्याने आलेल्या माणसाला हे विचित्र वाटतं. तो नळी बघतो, लाकडाची चमक बघतो. जुना माणूस आधी भिंग काढतो.

शिक्का असा होता: १३.आर.७.६२. प्रशियन लष्कराने हत्यारांवर कुठे काय ठोकायचं याची रीतसर नियमावली केली होती. १८७७ ची एक, आणि पुढे १९०९ ची. पहिला आकडा रेजिमेंटचा. ‘आर’ म्हणजे पायदळाची रेजिमेंट. मग कंपनी, मग हत्याराचा क्रमांक. म्हणजे तेराव्या पायदळ रेजिमेंटच्या सातव्या कंपनीतलं बासष्टावं हत्यार. तेरावी म्हणजे पहिली वेस्टफालियन रेजिमेंट, छावणी म्युन्स्टरला. सातवी कंपनी दुसऱ्या बटालियनची. आणि युद्धाच्या वेळी कंपनीत अडीचशेच्या आसपास माणसं, म्हणजे बासष्ट हा क्रमांकही बसतो. वाण्याच्या वहीसारखा हिशेब आहे सगळा. बंदूक हरवली तर कुणाच्या पगारातून कापायचे ते एका नजरेत कळावं.

शिक्क्याला किंमत येते ती या हिशेबामुळे. त्यातही गार्ड रेजिमेंटच्या शिक्क्याला जास्त, आणि सगळ्यात जास्त ‘के. एस.’ला, म्हणजे आफ्रिकेतल्या वसाहतींमधल्या जर्मन फौजेच्या खुणेला. त्या फौजेचा एक धागा थेट मुंबईला येतो. १६ ऑक्टोबर १९१४ ला मुंबई बंदरातून हिंदी सैन्याची एक मोठी तुकडी जर्मन पूर्व आफ्रिकेकडे निघाली आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात टांगा बंदराजवळ तिचा दारुण पराभव झाला. तिथल्या जर्मन फौजेतल्या बऱ्याच अस्करी, म्हणजे स्थानिक आफ्रिकी, शिपायांच्या हातात तेव्हाही हीच, चाळीस वर्षांपूर्वीची काळ्या दारूची माउझर होती. बार काढला की धुराचा लोट उठून शिपायाची जागा उघडी व्हायची. तरी ते जिंकले, आणि आपल्या सैन्याने मागे टाकलेल्या नव्या बंदुका उचलून त्यांनी काही कंपन्यांची हत्यारं बदलली. त्यामुळे ‘के. एस.’ शिक्का दिसला की माझा हात थोडा थांबतो. पण तो शिक्का जितका महाग, तितका खोटाही जास्त दिसतो. आमची जोडी साध्या पायदळाची होती. साध्या रेजिमेंटचा खोटा शिक्का कोण कशाला मारेल, असं मला वाटलं, आणि तिथेच मी चुकलो.

मालाची पाहणी करायचा दिवस शुक्रवार होता. माइस्टरांनी खिशात तीन वस्तू घेतल्या होत्या: दहापट भिंग, पेनाएवढी बॅटरी आणि एका लाकडी डबीत त्यांची जुनी धारदार पट्टी. टूलरूममध्ये पृष्ठभाग सपाट आहे का बघायला जी पट्टी वापरतात ती. तिची कड वस्तऱ्यासारखी बारीक असते, वस्तूवर उभी धरायची आणि मागून उजेड सोडायचा. फट असेल तर उजेड दिसतो.

आधी संगीन बघितली, कारण ती माझी होणार होती. सत्तेचाळीस सेंटिमीटरचं सरळ पातं, मधोमध खोबण. पात्याच्या पाठीवर मुकुट, त्याखाली ‘डब्ल्यू’, त्याखाली ७६. सम्राट पहिला विल्हेल्म, साल १८७६. म्हणजे प्रशियाने तपासून घेतलेलं हत्यार. बनवणारा झोलिंगेनचा. मुठीजवळच्या आडव्या पट्टीवर शिक्का. भिंगाखाली त्याच्या कडा गोलसर झालेल्या, आकड्यांच्या बुडात तोच तपकिरी थर जो आजूबाजूला. ‘७’ चा पाय एका बाजूला उथळ. ठोकणाऱ्याने पंच जरा तिरका धरला असणार. सव्वाशेहून जास्त वर्षं कुणी ना कुणी तिला पुसत आलेलं आहे, हे तिच्याकडे बघूनच कळत होतं. माइस्टर म्हणाले, “ही खरी.”

मग बंदूक. डाव्या बाजूला नमुन्याची खूण, ठळक जुन्या वळणाच्या अक्षरांत. नळीवर मुकुट आणि आंबेर्ग. साल १८७९. नळी, बोल्ट, नळी लाकडाला बांधणारी खालची कडी यांच्यावर कारखान्याच्या अनुक्रमांकाचे शेवटचे दोन आकडे ८७. वरच्या कडीवर मात्र १२. मला वाटलं, झालं, इथेच किंमत पडली. माइस्टरांना मात्र ती बाराची कडी बघून बरं वाटलं. रेजिमेंटच्या लोहाराने कधीतरी तुटलेली कडी बदलली असेल, किंवा गोदामात दोन बंदुका एकत्र खोलल्या गेल्या असतील. १८८८ चा नवा नमुना आल्यावर या बंदुका लाखांनी गोदामात गेल्या आणि तिथून जगभर विकल्या गेल्या. त्यातल्याच १,५०० बंदुका १९१४ मध्ये हॅम्बुर्गच्या एका व्यापाऱ्याकडून आयरिश स्वयंसेवकांनी घेतल्या. ९०० ‘आसगार्ड’ नावाच्या शिडाच्या बोटीतून हौथ बंदरात उतरल्या, उरलेल्या ६०० किलकूलला, आणि शेवटच्या टप्प्यात त्या ज्या बोटीत होत्या तिचं नाव होतं ‘छोटा’. (कुणी ठेवलं असेल हे नाव, याचा मी अजून विचार करतो.) इतकी फिरलेली बंदूक सगळीकडे ८७ च ८७ दाखवायला लागली तर माइस्टर जास्त सावध होतात.

खरी अडचण कडीत नव्हतीच. आंबेर्ग बवेरियात. जर्मन साम्राज्य झालं तरी बवेरियाचं सैन्य वेगळं होतं. त्यांचा राजा वेगळा, कारखाना वेगळा. १८७७ पर्यंत तर त्यांनी माउझर घेतलीच नव्हती, स्वतःची वेर्डर बंदूक चालवली. त्यांच्या हत्यारांवर रेजिमेंटच्या आकड्याआधी ‘बी’ असते. मग बवेरियन बंदुकीवर ‘बी’शिवाय म्युन्स्टरचा प्रशियन शिक्का काय करतोय? अशक्य नाही, हत्यारं इकडून तिकडे गेली असतील. पण प्रशियाकडे स्पान्डाउ, एर्फुर्ट, डान्त्सिग असे स्वतःचे कारखाने असताना म्युन्स्टरच्या सातव्या कंपनीत बवेरियन बंदूक यावी, आणि तिला नेमका बासष्टच क्रमांक मिळावा, आणि ती बासष्टाव्या संगिनीबरोबरच आजवर टिकावी? एक योगायोग मी मान्य करतो. तीन नाही.

माइस्टरांनी बंदूक टेबलावर आडवी ठेवली. दस्त्याच्या टोकाला लोखंडी पत्रा असतो, त्याची एक जीभ वरून लाकडावर वळलेली असते. शिक्का त्या जिभेवर होता. त्यांनी बॅटरी जवळजवळ आडवी धरली, आणि काही न बोलता भिंग माझ्याकडे दिलं.

जिभेवर बारीक गंजाचे खड्डे होते, सुईच्या टोकाएवढे. शिक्क्यातल्या ‘३’ ची वरची कमान अशा एका खड्ड्यावरून गेली होती, आणि खड्डा दबून अर्धा मिटला होता. म्हणजे आधी गंज, मग शिक्का. आकड्यांच्या कडांना धातू वर उचललेला होता. बोट फिरवलं की नखाला लागत होता. पंच ठोकला की धातू बाजूला सरकतो आणि ओठासारखा वर येतो. हा ओठ जुन्या शिक्क्यावर राहत नाही, फडकं आणि हात त्याला झिजवतात. आणि आकड्यांच्या बुडात काळं होतं, पण ते सगळीकडे एकसारखं काळं, जणू शाई भरली आहे. संगिनीच्या आडव्या पट्टीवरचा तपकिरी थर वेगळा आणि हे काळं वेगळं. मी कोरड्या कापसाने हलकंच टिपलं. कापूस काळा झाला.

मग डबीतून पट्टी निघाली. जिभेवर उभी धरली, मागे बॅटरी. दोन्ही टोकांना पट्टी टेकलेली, मधे उजेडाची बारीक रेघ. केसाएवढी, पण शिक्क्याच्या लांबीची. कुणीतरी तिथला जुना शिक्का कानशीने घासून काढला होता आणि मग नवा ठोकला होता. माइस्टरांनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. घासलेल्या भागाच्या डाव्या कडेला एक अर्धवट वळण उरलं होतं. “बी,” ते म्हणाले. मला ते वळण दिसलं, बी दिसली नाही. तीनही असू शकत होता, आठही. पण त्यांच्या आवाजात इतका आनंद होता की मी मान डोलावली.

लिलाववाल्यांना सांगायचं की नाही, यावर आमचा थोडा वाद झाला. माझं म्हणणं, गप्प राहू, दुसरं कुणी बोली लावेल, बंदूक जाईल, आपण सुटलो. माइस्टरांना ते पटलं नाही. त्यांनी तिथल्या बाईंना बोलावून पट्टी आणि बॅटरी दाखवली. बाईंनी नम्रपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की एका जुन्या संग्रहातून ती तशीच आली आहे, छापलेल्या वर्णनात आता बदल होणार नाही. रागवण्यासारखं काही नव्हतं. विक्रेत्याने खोटं ठोकलं असेल असंही नाही. त्यानेही कदाचित वीस वर्षांपूर्वी तसंच घेतलं असेल. खोटा शिक्का एकदा मारला की पुढच्या प्रत्येक मालकाच्या हातात तो थोडा थोडा खरा होत जातो. आणखी तीस वर्षं पुसला असता तर तो ओठही झिजला असता, आणि मग आमच्या पट्टीशिवाय कुणाला काही सांगता आलं नसतं.

लिलावाच्या दिवशी कुणीच हात वर केला नाही. त्या दिवशी पट्टी फक्त माइस्टरांकडेच नव्हती, असं मला वाटतं. विकला न गेलेला माल इथे नंतर काही दिवस ठरावीक भावात मिळतो. दोन्ही वस्तू वेगवेगळ्या मागितल्या. बंदूक ७०० युरो, माइस्टरांच्या कार्डावर. संगीन १९०, मला. मी घेतली ती शिक्का खरा म्हणूनच, आणि बंदुकीपासून तुटल्यावर ती मला जास्त आवडली.

घरी आल्यावर माझा पहिला प्रश्न होता, तो खोटा शिक्का आता काढून टाकायचा ना? माइस्टरांनी माझ्याकडे असं बघितलं जणू मी त्यांची चहाची किटली फोडायला निघालोय. म्हणाले, “कानस एकदा चालली आहे. आता दुसऱ्यांदा मी चालवू?” घासला तर पुढच्या माणसाला फक्त एक खोलगट जागा दिसेल, आणि ती का, हे कळणार नाही. शिक्का राहू द्यायचा, आणि एका जाड कार्डावर सगळं लिहून ते सुतळीने घोड्याभोवतीच्या कडीला बांधायचं, असं ठरलं. त्यांनी रीतसर लिहिलं: शिक्का नंतरचा, मूळ शिक्का घासलेला, मूळ बहुधा बवेरियन, ‘बी’चा अवशेष दिसतो. खाली तारीख आणि सही.

साफसफाईला आम्ही दोन शनिवार घेतले. बोल्ट काढायला त्याच्या कण्यावरचा एक स्क्रू आणि रुपयाएवढा जाड वॉशर सोडवावा लागतो; तो वॉशर हाच बोल्टला अडवणारा एकमेव भाग. स्क्रूच्या खाचेत बरोबर बसेल असा पेचकस माइस्टरांनी घासून बनवला, कारण बाजारातला पेचकस खाचेच्या कडा खातो आणि मग बंदुकीवर कायमची जखम दिसते. नळी स्वच्छ निघाली. आत चार आटे, कडा शाबूत. इतक्या जुन्या काळ्या दारूच्या बंदुकीसाठी हे मोठंच नशीब, कारण काळ्या दारूचा कचरा ओलावा धरतो आणि एका रात्रीत नळीला गंज चढतो. लाकूड फक्त जवसाच्या तेलाने पुसलं. सॅन्डपेपर त्यांच्या घरात आहे, पण बंदुकीच्या टेबलाजवळ त्याला प्रवेश नाही.

दुसऱ्या शनिवारी दस्त्याचा पत्रा काढायचं ठरलं. दोन स्क्रू. एक लगेच सुटला, दुसरा गंजून बसलेला. त्यावर तेलाचे थेंब सोडून आम्ही जेवायला गेलो, परत येऊन हलक्या हातोडीने पेचकसाच्या बुडावर दोन टोले, आणि तो वळला. पत्रा हातात आला. आतल्या बाजूला, जिथे कुणाची कानस पोचलेली नव्हती, तिथे दोन आकडे होते. ८७ नव्हते. ३४.

माइस्टर बराच वेळ त्या ३४ कडे बघत राहिले. पत्राच या बंदुकीचा नव्हता. कुठल्या तरी दुसऱ्या माउझरवरून आला होता, आणि ती बवेरियन होती की प्रशियन की आणखी कुठली, हे आता सांगायला काही जागा नव्हती. शिक्का खोटा हे पक्कंच. गंज, ओठ, उजेडाची रेघ, त्यातलं काही बदललं नाही. पण आंबेर्गवरून आम्ही बांधलेला तर्क बंदुकीबद्दल होता आणि घासलेला शिक्का पत्र्यावर होता. दोघांना जोडणारा धागा तुटला होता. आणि ती डाव्या कडेची ‘बी’? ती बघायची आम्हाला इच्छा होती, म्हणून दिसली. मला तर तीही दिसली नव्हती, पण मान मी डोलावलीच होती.

त्यांनी पत्रा परत बसवला, दोन्ही स्क्रू आधी होते त्याच जागी. मग कार्ड सोडवून टेबलावर ठेवलं, तांबडी पेन्सिल घेतली, आणि ‘बहुधा बवेरियन’ पासून ओळीच्या शेवटापर्यंत एक सरळ रेघ मारली. खोडरबर वापरलं नाही. खाली लिहिलं: पत्रा बदललेला, आत ३४. नवी तारीख, पुन्हा सही. कार्ड माझ्यापुढे सरकवून म्हणाले, “तूही कर. मान तूही डोलावली होतीस.”

मी त्यांच्या सहीखाली देवनागरीत सही केली.